‘हिले काऊन नाही?’

नागपुरात कळमन्याच्या बाजारामागची वस्ती वाढत वाढत पार रुळांपर्यंत गेली आहे. तिथल्या एका अंगणवाडीत मी आठवड्यातून एकदा जाते. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, अक्षर बरं आहे आणि आधारचे बारा आकडे न चुकता उतरवता येतात. एवढ्या भांडवलावर सेविकाताईंनी मला फॉर्म भरायला बसवलं. मागच्या उन्हाळ्यात तिथं एक बाई आली. मिरचीचे देठ काढायच्या कामावरून थेट आलेली. हातांची आग होत होती म्हणून तिनं बाळ दोन्ही कोपरांच्या खोबणीत धरलं होतं, बोटं हवेत. बाळाला बोट लागू नये म्हणून ती इतकी जपत होती की पिशवीतले कागद शेवटी मलाच काढावे लागले. आधार, रेशनकार्ड, पासबुक, लसीकरणाचं कार्ड. सगळं पॉलिथिनमध्ये, घडीवर घडी.

“पहिलीच्या वक्ती पाच हजार भेटले, दुसरीच्या वक्ती सहा. आता हिचा फारम भरून द्या न मॅडम.”

मी सांगितलं, मातृवंदना योजनेत तिसरीला मिळत नाही.

“हिले काऊन नाही? हे बी तं पोरगीच हाय न जी.”

माझ्याकडं उत्तर होतं, म्हणजे नियम होता. पण तेवढ्यात सेविकाताईंनी बाळ उचललं, काट्यावर ठेवलं, वजन रजिस्टरात लिहिलं आणि सहा महिने पूर्ण झाले म्हणून कोरड्या आहाराचं पाकीट बाईच्या पिशवीत टाकलं. हे मूल कितवं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या रजिस्टरात तो रकाना आहार द्यायचा की नाही हे ठरवत नाही. एकाच खोलीत, एकाच टेबलावर, एकाच सरकारचे दोन कागद होते. एका कागदाला ती मुलगी दिसत होती, दुसऱ्याला दिसत नव्हती.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. सरकार मुलासाठी जे देतं, ते घरात मुलं किती आहेत हे मोजून द्यावं का? माझं मत आधीच सांगते: देऊ नये. मोजायचंच असेल तर मुलाचं वजन मोजावं.

प्रधानमंत्री मातृवंदना योजना १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. पहिल्या जिवंत अपत्यासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी. एप्रिल २०२२ पासून त्यात भर पडली: दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. दुसरा मुलगा झाला तर काही नाही, आणि तिसरं कोणीही असो, काही नाही. आता या पैशाचा हेतू काय, तर बाळंतपणामुळं बुडणाऱ्या मजुरीची थोडीफार भरपाई, म्हणजे बाईला विश्रांती मिळावी आणि पोटाला नीट खाता यावं. हेतू चांगलाच आहे. पण मिरचीचे देठ काढणाऱ्या बाईची मजुरी पोटात मुलगा आहे की मुलगी, हे पाहून बुडत नाही. तिसऱ्या खेपेला तर अंग अधिकच खचलेलं असतं. पहिल्या बाळंतपणाला हाताशी आई असते; तिसऱ्याला बाई टाके सुकायच्या आत दोन पोरींच्या वेण्या घालत असते. विश्रांतीची गरज चढत जाते आणि मदत उतरत जाते, असा हा उलटा जिना आहे.

आणि ही अट कायद्यातून आलेली नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ देऊ केला. सरकारी नोकरीतल्या आणि दुसरीकडून असाच लाभ मिळणाऱ्या बायका तेवढ्या वगळल्या. कितवं मूल, हा शब्द त्या कलमात नाही. मात्र ‘केंद्र सरकार आखेल त्या योजनेनुसार’ अशी एक फट ठेवली होती. कायद्यानं दार उघडलं आणि योजनेनं उंबरठ्यावर बसून पोरं मोजायला घेतली.

राज्याची लेक लाडकी योजना जास्त उदार आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये. शिक्षिका म्हणून मला ही रचना आवडते, कारण पैसे नेमके त्या वर्षांना येतात ज्या वर्षी पोरी शाळेतून गळतात. पण अट वाचा. पहिल्या मुलीच्या तिसऱ्या हप्त्याला आणि दुसऱ्या मुलीच्या दुसऱ्या हप्त्याला आई किंवा वडिलांच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ‘आई किंवा वडील’ हे फक्त कागदावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणं महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे आणि पुरुषांचा आकडा अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही. पुरुषांचं ऑपरेशन सोपं, बिनटाक्याचं, दोन दिवसांनी माणूस कामावर. तरी मुलीच्या सहावीच्या सात हजारांसाठी टेबलावर आडवी कोण होणार, हे कोणाला सांगायला नको.

आता गंमत बघा. हेच सरकार बाकी ठिकाणी पोरं मोजत नाही. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं, चौथ्या पोरालाही. शाळेतली खिचडी पंगतीत बसेल त्याला. सहा ते चौदा वयाचं मोफत शिक्षण कितव्याही अपत्याला. आणि माझी लाडकी बहीण? जुलै २०२४ पासून महिन्याला दीड हजार. वय, उत्पन्न, घरातल्या किती बायका हे सगळं विचारलं, मुलं किती हे विचारलं नाही. चार पोरांच्या आईला पैसे मिळतात आणि तिच्या चौथ्या पोराला नाही. आईला मत असतं, पोराला नसतं. मी कुत्सितपणे बोलते आहे, पण दुसरं स्पष्टीकरण मला खरंच सुचलेलं नाही.

मर्यादेच्या बाजूनं नेहमीचा मुद्दा लोकसंख्येचा. आमच्या पिढीनं लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’ भिंतीभिंतीवर वाचलं आहे, त्यामुळं तो मुद्दा रक्तातच आहे. मलाही दोनच मुलं. १९७६ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळानं तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. तो धाक गेला. पण ‘दोन’चा आकडा लहान लहान अटींच्या रूपानं सगळीकडं शिल्लक राहिला.

आकडे मात्र केव्हाच पुढं निघून गेले आहेत. १९९२-९३ च्या पहिल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातला जननदर, म्हणजे एका बाईमागची सरासरी मुलं, तीनच्या जवळ होता. २०१५-१६ मध्ये तो १.९ झाला, २०१९-२१ मध्ये १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात, आपण त्याच्या कितीतरी खाली आहोत. केरळनं मर्यादेची कुठलीही काठी न उगारता हे साधलं. आणि एक प्रयोग आपल्याच अंगणात झालेला आहे, त्याकडं कोणी बघत नाही. २००५ मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली तेव्हा महाराष्ट्रासारख्या राज्यांत तिला आईच्या वयाची, किमान एकोणीस वर्षांची आणि पहिल्या दोन बाळंतपणांची अट होती. मे २०१३ मध्ये केंद्रानं दोन्ही अटी काढून टाकल्या. त्यानंतर दवाखान्यांत तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणांची रांग लागली का? जननदर तर उतरतच राहिला. कशी लागेल? पाच हजारांसाठी मूल जन्माला घालणारी बाई मला अजून भेटायची आहे. पाच हजारांत डायपरही वर्षभर पुरत नाहीत; वस्तीत डायपर वापरत नाहीत ही गोष्ट निराळी.

तरी तिसरं मूल होतं. का होतं? वस्तीतली बाई सांगते तेच खरं: पहिल्या दोन पोरी. सासू रोज बोलते. नवरा बोलत नाही, पण पितो. मग एक ‘चान्स’. चान्स घेतला आणि मुलगा झाला तर घरात पेढे येतात, आणि सरकारनं पाच हजार दिले काय, न दिले काय, त्या पोराचं दूध कोणी तोडत नाही. मुलगी झाली तर? जिच्या जन्मानं बारशाला सगळ्यांचे चेहरे पडले, तिच्याच वेळी सरकारही हात आखडतं. म्हणजे मर्यादेचा फटका ज्यांनी मुलाचा हट्ट धरला त्यांना बसत नाही. त्यांचा हट्ट ज्या पोरीवर फसला तिला बसतो. २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा प्रशासनानं समारंभ करून ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशा नावांच्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली होती. फार चांगलं केलं. पण एका हातानं नाव बदलायचं आणि दुसऱ्या हातानं तिचा फॉर्म परत करायचा, तर पोरीनं कुठला हात खरा मानायचा?

जुळ्यांचं कलम तर मला सर्वांत बोलकं वाटतं. लेक लाडकीत दुसऱ्या बाळंतपणात जुळ्या मुली झाल्या तर दोघींनाही लाभ आहे. म्हणजे घरात तीन मुलं झाली तरी चालतात, कारण आईबापांनी ते काही ठरवून केलेलं नाही. मान्य. पण मग हेही मान्य करा की मोजणी मुलाची चाललेली नाही, आईबापांच्या वागण्याची चालली आहे. शिक्षा त्यांना आहे, ती मुलामार्फत पोचवली जाते एवढंच. आणि आईबापांचं वागणं तपासायला निघालं की सरकारला कुठवर उतरावं लागतं, ते ब्रिटननं पाहिलं. एप्रिल २०१७ पासून तिथं तिसऱ्या आणि पुढच्या मुलांना सरकारी मदतीच्या हिशोबातून वगळलं. मग अपवाद आले: जुळी, दत्तक आणि बलात्कारातून झालेलं मूल. तो शेवटचा अपवाद मिळवायचा तर बाईनं, हे मूल आपल्या संमतीवाचून राहिलं, असं सरकारी फॉर्मवर सही करून सांगायचं आणि बहुतेक वेळा डॉक्टर किंवा समाजसेवकाकडून त्याला दुजोरा आणायचा. जन्मदर फारसा हलला नाही, मोठ्या कुटुंबांतली गरिबी मात्र वाढली. शेवटी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात एप्रिल २०२६ पासून ती मर्यादा उठवायचं जाहीर झालं. श्रीमंत देशाला नऊ वर्षांत जे कळलं ते आपण विकत न घेताही शिकू शकतो.

आमच्या कॉलनीतले एक निवृत्त अधिकारी, रोज अंबाझरीला फिरायला येतात, ते मला म्हणाले, “मॅडम, मी दोनवर थांबलो. ज्याला थांबायचं नाही त्याच्या पोरांचे पैसे माझ्या टॅक्समधून काऊन?” प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. मी त्यांना पहिल्यांदा हे सांगितलं की केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दोन मुलांचा शिक्षण भत्ता मिळतो, आणि जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्याला दोन मुलांच्या फीवर वजावट मिळते. म्हणजे त्यांच्या दोन मुलांचे पैसे इतकी वर्षं कळमन्याच्या बाईनंही भरलेत, साबण आणि बिस्किटाच्या पुड्यावरच्या करातून. ते हसले. पटलं नाही, हसले.

पण या निमित्तानं एक फरक मला स्पष्ट दिसला. भत्ता, वजावट, नोकरी, सरपंचपद या मोठ्या माणसांच्या सवलती आणि संधी आहेत. राज्यात २८ मार्च २००६ नंतर तिसरं अपत्य झालेल्याला सरकारी नोकरीचं दार बंद आहे. ग्रामपंचायतीलाही तशीच अट आहे आणि हरियाणाच्या तशा कायद्याला सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये मान्यता दिली होती. मला त्या अटीही फारशा शहाणपणाच्या वाटत नाहीत. सरपंचपद गेलेल्या कित्येक बायकांचा तिसऱ्या मुलाच्या निर्णयात वाटा किती होता, हे कोणी विचारलं नाही. तरी तिथं निदान नुकसान ज्याचं होतं तो मोठा माणूस आहे, त्याला नियम वाचता येतो. यावर वाद घालायला माझी तयारी आहे. सहा महिन्यांच्या पोरीच्या बाबतीत वादच होऊ शकत नाही. आपण कितवे आहोत हे तिला माहीत नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक दुसऱ्या तोंडानं सांगितला. तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेला दुसऱ्या लग्नानंतरच्या बाळंतपणाची रजा नाकारली होती, का, तर पहिल्या लग्नाची दोन मुलं आहेत. ती मुलं तिच्याजवळ राहतही नव्हती. न्यायालयानं रजा दिली आणि म्हटलं की लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याचं धोरण आणि मातृत्वाचा लाभ एकमेकांच्या आड येत नाहीत. खुद्द मातृत्व लाभाचा कायदाही तिसऱ्या वेळी २६ आठवड्यांऐवजी १२ आठवडे देतो, शून्य देत नाही. मिरचीवाल्या बाईला शून्य.

नागपुरात बसून हे लिहिताना बाबासाहेबांची आठवण येणं साहजिक आहे, आणि इथं ती शोभेची आठवण नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या मातृत्व लाभाच्या विधेयकाच्या बाजूनं ते बोलले. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला; सभागृहानं तो फेटाळला. म्हणजे एकाच माणसाला दोन्ही हवं होतं, बाईला विश्रांती आणि बाईच्या हाती संततिनियमन. पण एकाची अट दुसऱ्याला लावली नाही. संततिनियमनाची साधनं द्या, माहिती द्या, आणि मूल झालं की आईला पैसे द्या. इतकं सरळ. नव्वद वर्षांनी आपण त्या दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली आहे.

त्यात आता वारं उलटं फिरलं आहे. १ डिसेंबर २०२४ ला इथं नागपुरातच सरसंघचालकांनी जननदर २.१ च्या खाली जाणं समाजाला धोक्याचं आहे, म्हणून दोनपेक्षा जास्त, तीन मुलं हवीत, असं सांगितलं. आंध्र प्रदेशानं त्याच सुमारास स्थानिक निवडणुकांमधली दोन अपत्यांची अट काढून टाकली. चीनचं बघा: एका मुलाच्या सक्तीपायी दंड वसूल करणारं सरकार २०२५ पासून तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागं वर्षाला ३,६०० युआन वाटतं आहे. उद्या आपल्याकडंही ‘तिसऱ्याला बोनस’ अशी योजना निघाली तर मला नवल वाटणार नाही. आणि तेव्हाही मी विरोधच करीन. मला तिसरं मूल नको आहे आणि हवंही नाही. ते बाईनं ठरवायचं. दोनवर थांब म्हणून पोराचे पैसे तोडणारा आणि तीन कर म्हणून पोराच्या नावानं पैसे दाखवणारा, दोघांनाही त्या पोराशी देणंघेणं नाही. पोर म्हणजे त्यांच्या हातातलं आमिष नाहीतर चाबूक.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. मातृवंदनेतली अपत्याची आणि मुलामुलीची अट काढा, २०१३ चा कायदा तेच सांगतो. लेक लाडकीतलं शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र काढा. मुलगी अकरावीला पोचली याचा दाखला हवा, आईच्या ऑपरेशनचा नको. रेशनकार्डाच्या रंगाची अट राहू द्या, श्रीमंताला देण्यात अर्थ नाही. खर्च वाढेल, पण १.७ जननदर असलेल्या राज्यात गरीब घरांतली तिसरी-चौथी मुलं किती असतील याचा अंदाज करायला फार गणित लागत नाही. लाडक्या बहिणींसाठी वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद जाहीर करणाऱ्या तिजोरीला हा भार वाटू नये. आणि ज्यांना खरंच पाळणा लांबवायचा आहे किंवा थांबवायचा आहे, त्यांच्यासाठी तांबी, इंजेक्शन, गोळ्या हे सगळं वस्तीपर्यंत आणि न लाजवता पोचवा. आमच्या अंगणवाडीत त्या विषयावर बायका बोलायला लागल्या की सेविकाताई दार लोटून घेतात, मग तासभर कोणी उठत नाही. कुठल्याही मर्यादेपेक्षा तो तास जास्त काम करतो, असं मी पाहिलं आहे.

त्या अधिकाऱ्यांनी परवा पुन्हा गाठलं. “म्हणजे पाचव्यालाही द्यायचे?” मी म्हटलं, हो, पाचव्यालाही. ते म्हणाले, “मग तर झालंच.” आणि पुढं निघून गेले. त्यांची चाल माझ्यापेक्षा जलद आहे.

कळमन्याच्या त्या बाईचा फॉर्म मी भरला नाही, भरता येणारच नव्हता. तिनं कागद परत पॉलिथिनमध्ये घालायला सांगितले आणि पाकिटातलं पीठ कसं शिजवायचं ते विचारलं. सेविकाताईंनी सांगितलं: आधी कोरडं भाजा, मग दूध नाहीतर पाणी, गुठळी होऊ देऊ नका. “हात तेलानं पुसा पहिले,” त्या म्हणाल्या, “मग साबण. नाही तं पोरीच्या तोंडाले लागन.”